जहाजें पोखरणारा शिंपला

श्रोतेहो, सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खाडीकांठच्या गांवीं मी शाळामास्तर होतों. एके दिवशीं एका खलाशाच्या मुलानें मोडक्या होडीच्या तळाची हातभर लांबीची फळी आणून माझ्या मेजावर ठेवली. वरून पाहतां फळी धड दिसत होती. टांचणीनें टोंचल्यासारखीं चार-दोन बारीक भोकें काय तीं होतीं. पण त्यानें ती गुडघ्यावर टेकून मोडली, तेव्हां आंत सारा पोकळ कारभार निघाला. करंगळीएवढ्या जाडीच्या नळ्या शेजारीं-शेजारीं गेल्या होत्या, आणि प्रत्येक नळीला आंतून पांढऱ्या चुन्याचा गिलावा केलेला होता. मुलानें विचारलें, "गुरुजी, हा किडा लांकूड खाऊन जगतो म्हणतात. मग त्याला तें पचतें कसें?"

मीं सांगितलें, "अरे, ही समुद्रांतली वाळवी. वाळवीला पचतें, तसें हिलाहि पचतें." मुलाचें समाधान झालें आणि माझेंहि झालें.

तें उत्तर चुकीचें होतें. तो प्राणी वाळवीच्या कुळांतला तर नाहींच, पण तो मुळीं किडाच नाहीं. तो एक शिंपला आहे. आणि लांकूड पचविण्याचें काम तो एकट्याच्या बळावर करीत नाहीं. मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर अमेरिकेंत १९८३ सालींच छापून आलें होतें. तें माझ्या वाचनांत यावयास पुष्कळ वर्षें लागलीं. परंतु या बाबतींत उशीर लावणारा मी एकटाच नव्हतों. ज्या प्राण्यानें राष्ट्रांचे तट खचविले, त्याला "तूं जगतोस तरी कसा?" हा साधा प्रश्न नीट विचारून त्याचें उत्तर मिळविण्यास माणसांना अडीचशें वर्षें लागलीं. त्या अडीचशें वर्षांची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

आपल्या किनाऱ्यावर तिसऱ्या, कालवें, शिणाणे, मुळे हे शिंपले घरोघर ठाऊक आहेत. दोन झडपांचें घर, तें जोडणारी बिजागरी, आणि आंत मऊ प्राणी, ही या वर्गाची ओळख. जगांत त्यांच्या सुमारें नऊ हजार जाती आहेत. कोणी वाळूंत पुरून घेतो, कोणी खडकाला चिकटतो, कोणी खारफुटीच्या चिखलांत राहतो. बहुतेकांचा चरितार्थ एकच: पाणी आंत घ्यावयाचें, कल्ल्यांतून गाळावयाचें, आणि त्यांतील बारीकसारीक अन्नकण खावयाचे.

या कुटुंबांतील एका शाखेनें निराळी वाट धरली. तिच्या साठ-सत्तर जाती आज ज्ञात आहेत. यांचें शरीर लांबट, नरम आणि कृमीसारखें असतें. शिंपल्याच्या दोन झडपा अगदीं लहान होऊन केवळ डोक्याच्या टोंकाशीं उरल्या आहेत. त्या झडपांवर कानशीसारखे दांते असतात. पाण्यांत तरंगणारें सूक्ष्म पिल्लूं लांकडावर बसलें, कीं तें या कानशींनीं आंत शिरतें आणि मग जन्मभर तेथेंच राहतें. आंत तें वाढतें, नळी वाढते. बाहेरचें भोंक मात्र जन्मवेळेएवढेंच राहतें. संकट आलें, तर शेपटाकडील दोन चुनखडी पात्यांनीं तें आपलें दार लावून घेतें, आणि अशा स्थितींत कित्येक दिवस काढूं शकतें. म्हणूनच याची चाहूल लागत नाहीं. लांकूड मोडतें, तेव्हांच कळतें.

ग्रीक पंडित थिओफ्रास्टस यानें ख्रिस्तपूर्व काळींच, समुद्रांतील ही कीड जमिनीवरच्या लांकूडकिड्यांहून वेगळी, असें नमूद करून ठेवलें होतें. नाविकांना तर तिची ओळख अनुभवानेंच होती. कोलंबस आपल्या चौथ्या सफरीवर १५०२ सालीं चार जहाजें घेऊन निघाला. त्यांतील दोन वाटेंतच सोडून द्यावीं लागलीं. उरलेल्या दोहोंचीं बुडें चाळणीसारखीं झालीं, तेव्हां १५०३ च्या जून महिन्यांत तीं जमेकाच्या किनाऱ्यावर चढवून त्याला एक वर्षभर तेथें अडकून पडावें लागलें. वादळाला न डगमगणाऱ्या त्या दर्यावर्द्याला एका शिंपल्यानें जागच्या जागीं बसविलें.

परंतु खरा हाहाकार झाला तो हॉलंडांत. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीहून खालीं आहे. समुद्राला बाहेर ठेवणारे बांध हेच त्याचे किल्ले. अनेक ठिकाणीं या बांधांच्या समुद्राकडील अंगास लांकडी खांबांच्या भक्कम रांगा रोंवलेल्या असत. १७३१ च्या अखेरीस झीलंड प्रांतांतील वाल्खेरेन बेटावर, आणि पुढच्या वर्षीं उत्तरेकडे वेस्ट फ्रीसलंडांत, हे खांब पाण्याच्या पातळीशीं कट्‌कन् मोडूं लागले. तपासून पाहतात, तों आंत नळ्याच नळ्या! मैलोगणती बांधांचें चिलखत पोखरलेलें होतें. एखाद्या मोठ्या भरतीच्या रात्रीं समुद्र आंत येईल, गांवें बुडतील, अशी भीति सर्वत्र पसरली.

अशा वेळीं माणसें दोन प्रकारांनीं वागतात. कांहीं कारण शोधतात. पुष्कळजण अपराधी शोधतात. हॉलंडांत दोन्ही घडलें. ठिकठिकाणीं प्रार्थनेचे दिवस पाळण्यांत आले. धर्मोपदेशकांनीं, हा आपल्या पातकांवरील ईश्वरी कोप होय, असें सांगण्यास आरंभ केला. त्या देशांत १७३० पासून पुरुषा-पुरुषांमधील संबंधांच्या आरोपावरून खटल्यांची एक लाट उसळली होती, आणि कित्येकांना देहदंड झाला होता. आतां कीड आली, तेव्हां तिचा संबंध याच "पातका"शीं जोडणारेहि निघाले. खांबाच्या आंत काय आहे, तें उघडून पाहण्यापूर्वींच अपराधी ठरलेले होते. ज्यांचा बांधाच्या एकाहि खांबाशीं संबंध नव्हता, अशा माणसांच्या माथीं एका शिंपल्याचें कृत्य मारलें गेलें. इतिहास शिकवितांना हें पान उलटून जावेंसें वाटतें. पण अज्ञान हें केवळ रिकामें नसतें, त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, हें याच पानावर शिकावयास मिळतें.

दुसऱ्या बाजूला, गॉडफ्रे सेलिअस नांवाच्या एका विद्वानानें हे खांब चिरून आंतील प्राणी बारकाईनें पाहिला, आणि १७३३ सालीं उट्रेख्ट येथें त्यावर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. हा प्राणी कृमि नसून शिंपल्यांचा भाईबंद आहे, हें त्यानें ओळखलें. पुढें १७५८ सालीं लिनिअसनें या जातीला "टेरेडो नेव्हॅलिस" हें शास्त्रीय नांव दिलें. बांध सांभाळणाऱ्यांनींहि आपला उपाय केला. लांकूड हें खाद्य आहे ना? मग लांकूडच काढून टाकावें, असें ठरवून त्यांनीं बांधांचा उतार दगडांनीं मढविण्यास सुरुवात केली. त्या सखल देशांत दगड दुर्मिळ. कांहीं परदेशांतून जहाजांनीं आणले. कांहीं ड्रेंथ प्रांतांतून उचलले. ड्रेंथमध्यें प्रागैतिहासिक लोकांनीं प्रचंड शिळा रचून बांधलेलीं थडगीं आहेत. दगडांना असा भाव आलेला पाहून या शिळांनाहि हात लागूं लागले, तेव्हां १७३४ सालीं त्या प्रांताच्या सरकारनें थडग्यांचे दगड हलविण्यास मनाई केली. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा हा युरोपांतील फार जुन्या कायद्यांपैकीं एक आहे. एका शिंपल्यामुळें देशाचे बांध बदलले, आणि पांच हजार वर्षांपूर्वींच्या थडग्यांना कायद्याचें संरक्षण मिळालें!

जहाजांचा प्रश्न मात्र दगडानें सुटण्याजोगा नव्हता. इंग्रजांच्या नौदलानें १७६१ सालीं "अलार्म" या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. दोन वर्षांनीं ती तपासली, तेव्हां लांकडाला कीड लागलेली नव्हती. पण तांबें आणि लोखंड खाऱ्या पाण्यांत एकत्र आल्यानें लोखंडी खिळे गंजून गेले होते. पुढें तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे आले, आणि १७८० नंतरच्या दशकांत तांबें मढविलेलीं जहाजें ही नेहमींची गोष्ट झाली. आपल्या मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेल्या जहाजांना दुसरा एक आधार होता, तो सागवानाचा. सागवान या किडीला अजिबात दाद देत नाहीं, असें नव्हे. पण युरोपांतील ओकापेक्षां तें तिला अधिक काळ दाद देत नाहीं. १८१७ सालीं मुंबईस बांधलेली "त्रिंकोमाली" ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे.

कीड कांहीं वर्षींच कां उसळते, याचा उलगडा होण्यास आणखी शंभर वर्षें गेलीं. हॉलंडांत १७७०, १८२७ आणि १८५८-५९ या सालीं ती पुन्हां उसळली. शेवटच्या खेपेस तेथील विज्ञान अकादमीनें एक समिति नेमली. समितीनें पावसाचे आणि नद्यांच्या पाण्याचे आंकडे ताडून पाहिले, तेव्हां दिसून आलें, कीं हीं वर्षें अवर्षणाचीं होतीं. नद्यांचें गोडें पाणी कमी आलें, कीं मुखाजवळचें पाणी अधिक खारट होतें, आणि शिंपला आंतवर सरकतो. ईश्वरी कोपाची जागा पर्जन्यमापकानें घेतली. सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतहि असेंच घडलें. तेथें हा शिंपला पूर्वीं नव्हता. या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या दुसऱ्या दशकांत तो आला, आणि कोरडीं वर्षें लागतांच १९१९ ते १९२१ या काळांत तेथील धक्के, गोद्या आणि आगगाडीचे लांकडी पूल एकामागून एक कोसळले. गोड्या पाण्याचें हें मर्म नाविकांना पूर्वापार ठाऊक होतें. कीड लागलेली नाव नदीच्या वरच्या अंगास नेऊन ठेवण्याची रीत जुनीच आहे. आपल्याकडचे कोळी पावसाळ्यापूर्वीं होड्या किनाऱ्यावर ओढतात, वाळवितात, तेल-डांबर लावतात, त्यांतहि हा लाभ आहेच.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. पचतें कसें?

लांकडाचा मोठा भाग सेल्युलोज नांवाच्या द्रव्याचा असतो. तें पचविणें हें प्राण्यांना सहसा जमत नाहीं. गाय-बैल गवत खातात, पण तें फोडण्याचें काम त्यांच्या पोटांतील सूक्ष्म जीव करतात. पुष्कळशा वाळवींतहि हाच प्रकार आहे. मग या शिंपल्याचें काय? कित्येक वर्षें अशी शंका होती, कीं हा लांकूड नुसतें कोरतो. पोट मात्र इतर शिंपल्यांप्रमाणें पाणी गाळूनच भरतो. सान फ्रान्सिस्कोच्या आपत्तीनंतर कॅलिफोर्निया विद्यापीठांतील डोअर आणि मिलर यांनीं खांबाचें लांकूड आणि शिंपल्यानें टाकलेला भुसा यांचें रासायनिक पृथक्करण करून पाहिलें. १९२३ सालीं त्यांनीं दाखवून दिलें, कीं शिंपल्याच्या शरीरांतून जातांना लांकडांतील सेल्युलोजचा बहुतेक भाग नाहींसा होतो. म्हणजे तो लांकूड खरोखरच पचवितो. पण कोणाच्या साह्यानें?

गंमत अशी, कीं या कोड्याची किल्ली पाऊणशें वर्षें अगोदर एकाच्या हातीं लागून गेली होती. १८४८ च्या सुमारास देशाये या फ्रेंच शास्त्रज्ञानें अल्जीरियाच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांचा अभ्यास करतांना या प्राण्याच्या कल्ल्यांत एक चमत्कारिक ग्रंथि पाहिली. तिला "देशायेची ग्रंथि" हें नांव पडलें. तिचें कार्य मात्र कळलें नाहीं. आणि पोटाच्या प्रश्नाचें उत्तर श्वासाच्या इंद्रियांत शोधावें, असें कोणाच्या मनांत यावें तरी कसें? १९७३ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं या प्राण्याच्या ऊतींत सूक्ष्मजंतूंची वस्ती दिसून आली. १९७५ सालीं आणखी एक नवल उघडकीस आलें. लांकडांत नत्राचा अंश अत्यंत थोडा. नत्रावांचून मांस बनत नाहीं. हा शिंपला तर नुसत्या लांकडावर धष्टपुष्ट होतो. शोधाअंतीं दिसलें, कीं त्याच्या शरीरांत, पाण्यांत मिसळलेला नत्रवायु पकडून त्याचें खाद्यांत रूपांतर होत असतें. तूर, उडीद, कुळीथ यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु जमिनीसाठीं जें करतात, तेंच येथें चाललें होतें.

अखेर १९८३ सालीं जॉन वॉटरबरी, ब्रॅडफर्ड कॅलोवे आणि रूथ टर्नर या तिघांनीं देशायेच्या ग्रंथींतून तो जंतु वेगळा काढून प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. तो एकटाच सेल्युलोजहि फोडीत होता आणि नत्रहि बांधीत होता. यांतील रूथ टर्नर या बाईंविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. हार्वर्ड विद्यापीठांत त्यांनीं आपलें आयुष्य या शिंपल्यांच्या अभ्यासांत घालविलें. एकाच जातीला निरनिराळ्या देशांत निरनिराळीं नांवें पडून जो गोंधळ माजला होता, तो त्यांनीं १९६६ सालच्या आपल्या सचित्र सूचींत निस्तरला. १९७१ सालीं "ॲल्विन" या पाणबुडींतून समुद्रतळाशीं उतरणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-शास्त्रज्ञ ठरल्या. २००० सालीं त्या वारल्या, आणि २००२ सालीं त्या जंतूला "टेरेडिनिबॅक्टर टर्नरी" असें त्यांचें नांव देण्यांत आलें.

तरी एक गांठ उरली होती. जंतु राहतात कल्ल्यांत, आणि लांकडाचा भुसा साठतो पोटाला जोडलेल्या एका पिशवींत. मग दोहोंची गांठ पडते कशी? २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें, कीं जंतु आपल्या जागीं राहूनच पाचक द्रव्यें बनवितात, आणि त्यांतील निवडक तेवढीं त्या पिशवींत पोंचतात. पिशवींत स्वतः जंतु जवळजवळ नसतात. यांत यजमानाचा लाभ उघड आहे. गाईच्या पोटांत फुटलेल्या अन्नावर सूक्ष्म जीव आधीं हात मारतात. येथें जंतु माजघरांत, पक्वान्न पानांत, आणि पानावर यजमान एकटाच!

अशी भागीदारी करणारा शिंपला हा एकटाच आहे काय? मुळींच नाहीं. १९७७ सालीं गॅलॅपगॉस बेटांजवळ खोल समुद्राच्या तळाशीं उष्ण झऱ्यांभोंवतीं मोठमोठ्या शिंपल्यांची दाट वस्ती आढळली. तेथें सूर्यप्रकाश नाहीं, वनस्पति नाहींत. हे शिंपले कल्ल्यांतील जंतूंच्या द्वारें गंधकयुक्त वायूवर जगतात, असें पुढें सिद्ध झालें. नंतर ध्यानांत आलें, कीं यासाठीं इतक्या खोल जाण्याची गरजच नाहीं. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत, सागरी गवताच्या मुळांशीं आणि खारफुटीच्या चिखलांत, जेथें कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तेथेंहि अशीच सोय करून राहणारे शिंपले आहेत. त्यांच्या एका मोठ्या कुळांत सुमारें चारशें जाती आहेत. लांकूड पोखरणाऱ्यांच्या कुटुंबांतलाच, दीड मीटरपर्यंत वाढणारा एक राक्षसी भाऊ चिखलांत उभा राहतो. त्याचें कवच अठराव्या शतकापासून माहीत होतें. जिवंत प्राण्याचा अभ्यास मात्र फिलिपाईन्समधील मिंडानाव बेटावरून २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें लांकूड खाणें सोडून दिलें आहे, आणि तोहि गंधकावर जगणाऱ्या जंतूंच्या आधारें राहतो.

आणि ज्या हॉलंडांत एका शिंपल्याच्या भयानें घंटा वाजल्या होत्या, त्याच देशांतील शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं चिखलांतल्या शिंपल्यांचा एक उपकार जगापुढें मांडला. सागरी गवताच्या मुळांशीं सांचणारा विषारी वायु हे शिंपले आपल्या जंतूंकरवीं नाहींसा करतात. गवताचीं मुळें त्यांना प्राणवायु पुरवितात. गवत, शिंपला आणि जंतु या तिघांच्या सहकार्यावर ती समुद्रांतील कुरणें उभीं आहेत. लांकूड पोखरणाऱ्याचेंहि तसेंच आहे. खारफुटीच्या रानांत पडलेलीं झाडें, नदीनें वाहून आणलेले ओंडके, हीं मोडून समुद्राच्या अन्नसाखळींत परत घालण्याचें काम तोच करतो. तो आमचीं जहाजें खातो, ही आमची तक्रार. जहाज आणि ओंडका यांतला भेद त्याला कोणी शिकविला आहे?

श्रोतेहो, बांध खचला, तेव्हां "हें कोणाच्या पापामुळें?" असें विचारणारांना उत्तर त्याच दिवशीं मिळालें, आणि तें खोटें होतें. "हा प्राणी जगतो कसा?" असें विचारणारांना अडीचशें वर्षें थांबावें लागलें; पण त्यांचें उत्तर खरें ठरलें. माझा तो विद्यार्थी दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नकर्त्यांपैकीं होता, आणि मीं त्याला पहिल्या प्रकारचें, झटपट उत्तर दिलें. "मला ठाऊक नाहीं, आपण शोधूं," एवढें म्हणण्यास त्या दिवशीं माझी जीभ रेटली नाहीं. आतां तो प्रौढ गृहस्थ झाला असेल. कदाचित् स्वतःची नाव चालवीत असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें एवढें ध्यानांत घ्यावें: बाळा, ती वाळवी नव्हती, तो शिंपला होता, आणि त्याचें पचन त्याच्या कल्ल्यांतील जंतु करीत होते. तुझा प्रश्न चांगला होता. उत्तरास उशीर झाला, तो माझ्याकडून.